उद्या आपली तिथी

शिवाजीरावांचा फोन आला तेव्हा मी देवासच्या कारखान्यात, कँटीनच्या रांगेत ताट घेऊन उभी होते. शिवाजीराव म्हणजे आमच्या धारच्या दत्तमंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष.

"मेधा, उमाशंकर दफ्तरदार निवृत्त होतायत. सत्कार ठेवलाय, महिनाभरानं, गुरुवारी, दत्ताच्या वारी. तू मानपत्र लिही. एक पान. मराठीत."

"काका, मी हिंदी मीडियमची. मला मराठी वाचायलाच वेळ लागतो."

"अगं, इंजिनिअर झालीस आणि एक पान लिहिता येत नाही?"

"बरं. पद काय लिहू?"

"पद नाही त्यांच्याकडे."

"ट्रस्टी होते ना?"

"छे."

"मग व्यवस्थापक?"

"व्यवस्थापक मी आहे."

"मग ते निवृत्त कशातून होतायत?"

"ते तू बघ ना. म्हणून तर तुला सांगितलं," शिवाजीराव म्हणाले. "आणि हो, ते जे काही करतात ते फोनवर चढवून दे. त्यांची मुलगी नेहा त्यांना देवासला नेतेय. मागे काही अडायला नको."

माझी डाळ गार झाली. मी मंदिराच्या अंगणात लहानाची मोठी झाले. उमाशंकरकाकांना जन्मापासून बघत होते. हातात काळी छत्री, खांद्याला खाकी पिशवी, संध्याकाळी पाचनंतर गल्लीतून जाणारे. पण ते नक्की काय करतात, हे मला सांगता येईना. आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "ते तिथी सांगतात." बाबा मागून म्हणाले, "नैवेद्याचं बघतात." मावशीच्या मते ते मंदिरातले हिशोबनीस होते, आणि ते तर अजिबातच खरं नव्हतं.

रविवारी धारला गेले तशी त्यांच्याकडे गेले. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. काका ओट्याशी उभे राहून मेथी निवडत होते. वय अठ्ठ्याहत्तर. माई, म्हणजे त्यांची बायको, जाऊन सहा वर्षं झाली.

"ये, बैस. कुणाचा सत्कार आहे म्हणे?"

"तुमचा, काका."

"माझा? का बरं?"

"तुम्ही निवृत्त होताय."

त्यांनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली. "पाटबंधाऱ्यातून तर मी दोन हजार आठलाच झालो. बदनावरच्या ऑफिसातून. तेव्हा झाला की सत्कार. घड्याळ दिलं होतं."

मग हळूहळू, मी विचारत गेले तसं, ते सांगत गेले. आमच्या दत्ताला रोज दुपारी बाराला नैवेद्य लागतो. तो मंदिरात शिजत नाही. संस्थानच्या काळापासून तीस मराठी घरं ठरलेली आहेत. महिन्याच्या तीस तिथ्या, एकेका घराला एकेक. शुद्ध प्रतिपदा एका घराची, द्वितीया दुसऱ्याची, असं करत अमावास्येपर्यंत. ज्या घराची तिथी, त्या घरून ताट येणार. यात पगार नाही, पावती नाही. फक्त लक्षात ठेवायचं.

"आणि लोक विसरतात," काका म्हणाले. "त्र्याऐंशी साली एका घरचे सगळे धरमपुरीला लग्नाला गेले. बारा वाजले, ताट नाही. गुरुजींनी गूळखोबरं दाखवलं. देव काही उपाशी राहत नाही म्हणा. पण मला ते बघवेना. दुसऱ्या दिवसापासून मी आदल्या संध्याकाळी सांगायला जाऊ लागलो. उद्या आपली तिथी, बारा वाजता."

"रोज?"

"रोज."

"बदनावरला नोकरी होती तेव्हाही?"

"सहाच्या बसनं उतरायचो आणि डबा हातात घेऊनच जायचो. चहा घ्यायचा नाही, आत बसायचं नाही. दारातून सांगायचं. एकदा विषमज्वर झाला होता, तेव्हा माई गेली. लॉकडाऊनमध्ये फोन केले. लोकांनी घरच्या देवापुढे ताट ठेवलं, बारा वाजता. चुकलं नाही."

मी फोन काढून टिपायला बसले. यादी कुठे लिहिलीय विचारलं तर त्यांनी कपाळाला बोट लावलं. मग डोळे मिटून तीस घरं म्हणून दाखवली, पाढे म्हणावेत तशी. मी नंबर मागत गेले. काही घरांना मात्र ते म्हणाले, "यांचा नंबर नको. यांचं मी बघतो." मला वाटलं, ही जुनी मंडळी फोन वापरत नसतील, काका समक्ष जाऊन सांगत असतील. मी तिथे रकाना मोकळा सोडला. असे अकरा झाले.

खरं सांगायचं तर मला हे काम सोपं वाटलं. कारखान्यात मी सहाशे सुट्या भागांची तपासणी तक्त्यावर चढवलीय. तीस घरं म्हणजे काय! एका रात्रीत, नाही, दोन तासांत झालं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, मग रोज एक तिथी पुढे, आदल्या दिवशी पाचला त्या घराला आपोआप निरोप. मी शिवाजीरावांना पाठवलं. त्यांनी तीन अंगठे पाठवले आणि लिहिलं, लगेच सुरू कर, काकांना आराम दे.

कृष्ण प्रतिपदेपासून सुरू केलं. आठ दिवस बिनचूक गेले. काकांना सांगितलं होतं की संध्याकाळी बाहेर पडू नका. ते दारात खुर्ची टाकून बसायचे म्हणे, छत्री मांडीवर घेऊन.

नवव्या दिवशी, रविवारी, मी मंदिरातच होते. बाराला दोन ताटं आली. एक नवमीवाल्या गर्द्यांचं, माझ्या निरोपाप्रमाणे. दुसरं दशमीवाल्या घरच्या आजींनी आणलं.

"आजी, तुमची उद्या आहे," मी म्हटलं.

"उद्या कशी? आज दशमी. आमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे," आजी म्हणाल्या आणि ताट ठेवून गेल्या.

मंदिराचे आताचे पुजारी, अजेयगुरुजी, माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. ते हसू दाबत होते. त्यांनी दोन्ही ताटं दाखवली. मी फोन उघडून सगळे आकडे पुन्हा तपासले. चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी मी देवासला, पाळीवर. साडेअकराला गुरुजींचा फोन.

"मेधाताई, आज कुणाचं आहे?"

"माझ्या यादीत दशमी."

"ती काल झाली. आज एकादशी आहे. एकादशीवाल्यांना तुमचा निरोपच गेला नाही, ते नालछ्याला गेलेत."

"म्हणजे आज कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

एवढ्या वर्षांत जे एकदाही झालं नव्हतं, ते माझ्या तक्त्याने दहाव्या दिवशी केलं होतं. मी मशिनच्या आवाजातून बाहेर पळत जाऊन काकांना फोन लावला. रडकुंडीला आले होते.

"काका, आज ताट नाही—"

"मी पायरीवरच आहे. एकादशीवाले सकाळी गावाला निघालेले दिसले," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. नवमीचा क्षय होता, पोरी. तिथी सूर्योदय न बघताच संपली. तुला सांगायचं राहिलं. मला वाटलं, ठाऊक असतं सगळ्यांना."

मला ठाऊक नव्हतं. तिथी म्हणजे दिवस, असं मी धरलं होतं. तिथी कधी गळते, कधी दोन दिवस चालते. तीस तिथ्यांचे तीस दिवस होतीलच असं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं शांत करून, पंचांग मागवलं आणि तक्ता पहिल्यापासून केला. गळणाऱ्या तिथीला दोन्ही घरं एकाच दिवशी, वाढणाऱ्या तिथीला त्याच घराला दोनदा विचारायचं. काका म्हणाले, वाढीच्या दिवशी ते स्वतःच न्यायचे, "लोकांना दोनदा त्रास कशाला?"

मग शनिवारी राहिलेल्या अकरा घरांकडे वळले. काका देवासला गेल्यावर त्यांना समक्ष कोण सांगणार? मी गुरुजींना विचारलं, "शुद्ध सप्तमीवाले बक्षी कुठे राहतात?"

"बक्षी? त्यांच्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे."

"मग ते कुठे गेले?"

"इंदूरला, मला वाटतं. मी इथे आलो त्याच्या आधीच."

"आणि सप्तमीला ताट?"

"येतं की. काका आणतात. म्हणतात, बक्षींकडचं."

मी यादी वाचू लागले. एकेक नाव आणि गुरुजींचं एकेक उत्तर. पुण्याला. बडोद्याला. वारले, मुलगा परदेशात. माहीत नाही. पुण्याला. अकराही घरं गावात नव्हती. आणि अकराही ताटं महिन्याच्या महिन्याला येत होती.

मी काकांकडे गेले. नेहाताई तिथे होती, कपाटातले कपडे दोन पिशव्यांत भरत होती. मी सरळच विचारलं.

काका जरा ओशाळले. "शहाण्णव साली बक्षी इंदूरला गेले. वहिनी म्हणाल्या, दोन-चार महिन्यांत येतोच, तोवर आमची सप्तमी सांभाळा. माई म्हणाली, हो. मग ते आले नाहीत. पण सांभाळू नका, असंही कुणी म्हणालं नाही ना. नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. मग तिसऱ्यांनी. कुणी सांगितलंही नाही, नुसतेच गेले."

"आणि तुम्ही करत राहिलात?"

"माई करायची. माई गेल्यावर मी शिकलो. पोळी अजून गोल येत नाही."

नेहाताई कपडे भरता भरता थांबली. "मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी महिन्यातून चार-पाच वेळा सोवळ्यात स्वयंपाक असतो. मेधा, मागच्या महिन्यात यांनी गॅस तसाच सुरू ठेवला आणि ताट घेऊन मंदिरात गेले. शेजाऱ्यांनी बंद केला. मी काय करू, सांग. सत्काराचं मीच शिवाजीरावांना म्हटलं. म्हटलं, सत्कार झाला की तरी निघतील."

"माझं कौतुक करून मला हाकलतेय," काका मला म्हणाले. तिघंही हसलो, पण काकांचं हसू लवकर संपलं. "गुरुवारी सत्कार. शुक्रवारी सप्तमी. बक्षींची. मी गुरुवारीच निघालो तर ताट कोण आणणार?"

मी म्हटलं, "मी मानपत्रात लिहिते सगळं. लोकांना कळू दे."

"नाही हं. नावं घ्यायची नाहीत. ती माणसं वाईट नाहीत, फक्त दूर आहेत. त्यांना लाज वाटेल असं माझ्या सत्कारात काही नको."

आता माझं मानपत्र अजूनच अवघड झालं. पद नाही. काम सांगायचं तर अर्धं सांगायला बंदी. आणि जे ताट बक्षींचं म्हणून देवापुढे गेलं ते बक्षींचं होतं की काकांचं, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. ते खोटं होतं का? गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, संकल्पात काका बक्षींचं गोत्रसुद्धा सांगतात. मला अजून कळलेलं नाही. शेवटी मी लिहिलं की त्र्याऐंशीपासून या गृहस्थांनी एकही दिवस चुकवला नाही, आणि आणखी तीन ओळी. आईने शुद्धलेखन तपासलं.

गुरुवारी संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात साठेक माणसं होती. शाल, श्रीफळ. शिवाजीरावांनी भाषणात संस्थान, परंपरा आणि माझा तक्ता, तिन्हींचा उल्लेख केला. "आता सगळं फोनवर आहे," ते म्हणाले. "काकांनी निश्चिंत मनानं जावं." मी मानपत्र अडखळत वाचलं. मग काकांना दोन शब्द बोला म्हणाले.

काका उठले. शाल एका खांद्यावरून घसरत होती. माइक त्यांनी जरा लांब धरला. त्यांना भाषण येत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट म्हणता येत होती आणि तीच त्यांच्या तोंडून आली.

"उद्या सप्तमी. बारा वाजता."

आणि थांबले. कुणाची, ते म्हणायचं होतं. म्हणता येत नव्हतं. बराच वेळ ते समोरच्या माणसांकडे बघत राहिले, जणू त्यांच्यात कुणी बक्षी बसलेत का ते शोधत असावेत. लोकांना वाटलं, गहिवरले. शिवाजीरावांनी टाळ्या सुरू केल्या. मी, गुरुजी आणि नेहाताई, आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर चपला घालताना कुणीतरी माझा दंड धरला. मंदिरासमोर राहणाऱ्या पाटीदार भाभी. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, सत्काराला शेवटच्या रांगेत बसलेल्या.

"बेटा, काकाजी बोलते-बोलते रुक क्यों गए? कल किसके घर की है?"

मी खोटं बोलू शकले नाही. "किसी की नहीं, भाभी."

"किसी की नहीं मतलब?"

"वो लोग चले गए. काकाजी खुद बनाते थे."

भाभींनी कपाळावर हात मारला. "तीस साल से सामने रहती हूँ. रोज देखती हूँ, थाली जा रही है. और थाली किसी की नहीं? तो हमको काहे नी बोला?"

"आप... आपने कभी कहा नहीं."

"हम कैसे कहते? हमको तो लगा ये मराठी लोगों का अपना है. बीच में क्यों घुसें!"

मी तशीच मागे फिरले. नेहाताईची गाडी सुरू होती, काका पुढे बसले होते, शाल आणि नारळ मांडीवर. शिवाजीराव खिडकीशी उभे होते. मी भाभींचं बोलणं सांगितलं.

"ते कसं जमेल?" शिवाजीराव म्हणाले. "घरं ठरलेली आहेत. दरबारनं नेमून दिलेली. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल—"

"शिवाजीराव," काका म्हणाले, "ठरलेल्यांपैकी अकरा घरं नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

आता काकांनीच सांगितलं, नावं न घेता. शिवाजीराव ऐकत गेले. त्यांनी खिडकीवरचा हात काढला. "मग इतकी वर्षं आम्ही प्रसाद कुणाचा खाल्ला?" असं त्यांनी विचारलं, पण ते आम्हाला विचारत नव्हते.

काका पुटपुटत होते. "त्या रोज ओसरीवरून विचारायच्या. काकाजी, आज किसका? मी नाव सांगायचो आणि पुढे जायचो. मला कधी सुचलंच नाही. असं कसं सुचलं नाही?"

त्यांनी दार उघडलं. नेहाताई "बाबा, उशीर होतोय" म्हणेपर्यंत ते खाली उतरले होते. आम्ही मागे गेलो. भाभी आपल्या ओट्यावर उभ्या होत्या. काकांनी पायरीच्या खालीच थांबून हात जोडले. हिंदी त्यांना चांगली येते, सगळी नोकरी हिंदीत झाली. पण हे वाक्य त्यांनी कधी हिंदीत म्हटलेलं नसावं.

"उद्या आपली सप्तमी. बारा वाजता."

भाभींनी पदर नीट केला. "आ जाएगी, काकाजी."

शिवाजीरावांनी ते मान्य केलं की नाही, मला अजून माहीत नाही. विचारायला हवं.

काका निघाले. तासाभराने भाभी आमच्या दारात. "बेटा, बनाना क्या है? हमारे यहाँ तो दाल-बाफले बनते हैं. तुम्हारे भगवान को चलेगा?"

तुपात बुडवलेले कणकेचे गोळे दत्ताला चालतात का, मला काय माहीत? आई म्हणाली, वरण-भात असतो. बाबा म्हणाले, गुरुजींना विचार. गुरुजी म्हणाले, नियम असा काही लिहिलेला नाही, काकांना विचार. मी काकांना फोन लावला. गाडी इंदूर ओलांडत होती, हॉर्न ऐकू येत होते.

"दाल-बाफले?" काका म्हणाले.

"हो."

"दत्ताला?"

"हो, काका. चालतील?"

"मला नाही गं माहीत. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नाही." मग, "कांदा-लसूण नको म्हणावं. आणि तूप सढळ घाला."

शुक्रवारी बारा वाजता ताट आलं. मी धारलाच राहिले होते, गुरुजींनी काढलेला फोटो काकांना पाठवला. संध्याकाळी ठीक पाचला त्यांचा फोन आला, देवासहून.

"चांगलं झालं. बरं, अष्टमी आणि नवमी तुझ्या फोनवर आहेत ना?"

"आहेत."

"आणि सोमवारची दशमी?"

ती अकरांतली होती. मी यादीकडे बघितलं. दहा रकाने मोकळे होते. "अजून कुणी नाही, काका. मी रविवारी विचारते चार घरी. पण कुणाला विचारायचं, ते मला कळत नाहीये. आणि शिवाजीराव..."

"तुला एकटीला नाही जमायचं. मी रविवारच्या बसनं येतो. दोघं जाऊ."

मागून नेहाताईचा आवाज आला, "बाबा! कालच तर आणलंय तुम्हाला!"

"अगं, फक्त सांगायला जातोय," काका तिला म्हणाले. "स्वयंपाक नाही करणार." आणि मग मला, आवाज खाली आणून, "सकाळची पहिली बस देवासहून किती वाजता सुटते, बघून ठेव."